बोअरला पाणी का लागलं नाही, मॅडम?

आलेलं पत्र (थोडं आखडून):

'मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी वरिष्ठ महाविद्यालयात पर्यावरणशास्त्र शिकवते. तासिका तत्त्वावर, गेली तीन वर्षं. पीएच.डी. पुण्यात झाली, पावसाच्या मॉडेलांवर. बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाचे हवामान, पाणी आणि परिसंस्था हे विषय माझ्याकडे आहेत, शिवाय सगळ्या शाखांना सक्तीचा असलेला पर्यावरणाचा पेपरही. मुलं चांगली आहेत, पण वर्गात गप्प असतात. पुस्तकं इंग्रजी, उदाहरणं ॲमेझॉनची नाहीतर आर्क्टिकची. प्रयोगशाळा म्हणजे एक पीएच मीटर, तोही बंद. सहलीला निधी नाही.

मागच्या महिन्यात भूजलाचा धडा चालू असताना मागच्या बाकावरच्या मुलानं पहिल्यांदाच तोंड उघडलं. "मॅडम, आमच्या बोअरला पाचशे फुटांवरही पाणी लागलं नाही, अन् शेजारच्याला दोनशेवर लागलं. का?" मला सांगता आलं नाही. मी जलचक्राच्या आकृतीकडे वळले. वर्ग हसला नाही, आणि तेच जास्त लागलं. त्याच आठवड्यात एका मुलीनं विचारलं, "हवामान बदलतंय म्हणता, मग आम्ही शेती सोडायची का?" त्याचंही उत्तर नव्हतं. विभागप्रमुख म्हणतात, अभ्यासक्रम संपवा. या मुलांना शिकवायला मी लायक आहे का, असा प्रश्न पडलाय.'

नमस्कार मॅडम,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो, म्हणजे तो डोक्यातून जाईल. जो लायक नसतो त्याला वर्ग हसला नाही हे लागत नाही. त्याच्या ते ध्यानातही येत नाही. पुढे चला.

माझी नोकरी जेमतेम दीड वर्षाची होती, तेव्हा मी वर्गाला घेऊन एका खोदकाम चालू असलेल्या विहिरीवर गेलो होतो. काठावर उभा राहिलो आणि तळातल्या खडकाकडे बोट दाखवून ठणकावून सांगितलं, की हा अखंड बेसॉल्ट आहे, यात चिरा नाहीत, इथं पाणी लागणार नाही. खाली सुरुंगाची भोकं मारत असलेला एक म्हातारा वर न बघताच म्हणाला, "मांजऱ्या हाय त्यो, मास्तर. वारं लागलं की फुटतोय." माझा वर्ग मात्र हसला, अगदी पोटभर. घरी येऊन पुस्तक उघडलं. थिजलेल्या लाव्हातल्या बुडबुड्यांची भोकं पांढऱ्या खनिजांनी भरलेला हा बेसॉल्ट ताजा फोडला की अखंड दिसतो. हवा-पाणी लागलं की त्याला आडव्या चिरा पडत जातात आणि पाणी त्यातूनच येतं. हे सगळं पुस्तकात होतं. म्हाताऱ्यानं सांगेपर्यंत मी ते पान नीट वाचलं नव्हतं, इतकंच.

आता तुमच्या मागच्या बाकावरच्या मुलाकडे येऊ. त्यानं तुम्हाला अडचणीत टाकलं नाही, त्यानं तुमचा अख्खा भूजलाचा घटक एका वाक्यात मांडून दिला.

महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भाग दख्खनच्या बेसॉल्टवर बसलाय. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे लोट एकावर एक पसरत गेले, त्यांची ही उतरंड. गंगेच्या मैदानात वाळूचे जाड थर आहेत, तिथं पाणी स्पंजात असावं तसं सलग असतं. आपल्याकडे तसं नाही. खडक जिथं झिजून मुरूम झालाय, जिथं तो फुटलाय, जिथं दोन लोटांचा सांधा आहे, तिथंच पाणी साठतं. यातलं बरंचसं वरच्या १५ ते ३० मीटरांत. खाली जावं तशा चिरा मिटत जातात आणि पाणी लागलंच तर एखाद्या सांध्यावर लागतं. व्यापारी पोत्यात नळी खुपसून धान्य बघतो, तसं सहा इंचाचं बोअर. पण पोत्यात धान्य सगळीकडे सारखं असतं, खडकात चीर तशी नसते. शेजाऱ्याच्या नळीला चीर भेटली, तुमच्या विद्यार्थ्याच्या नळीला भेटली नाही. बांधाच्या अलीकडे आणि पलीकडे एवढा फरक पडतो.

हे सांगून झालं की फळ्यावर एक गणित घाला. सहा इंच व्यासाचं, ५०० फूट खोल बोअर काठोकाठ भरलं तर त्यात किती पाणी मावेल? सुमारे पावणेतीन हजार लिटर. आणि ८ मीटर व्यासाच्या विहिरीत पाण्याची पातळी फक्त १ मीटर असेल तर? पन्नास हजार लिटर. मुलं लगेच म्हणतील, बोअर काय साठवायला असतं का, ते तर खेचायला असतं. बरोबर. मग खेचतं कुठलं? अनेकदा वरच्याच थरातलं, जे आजोबांच्या विहिरीला मिळत होतं. खोल बोअर हे वरच्या थराला खालून पाडलेलं भोक असू शकतं. इथं वर्ग गप्प बसणार नाही, कारण निम्म्या घरांत चुलत्याच्या बोअरवरून बोलणं बंद असतं. २००९चा महाराष्ट्राचा भूजल अधिनियम ६० मीटरपलीकडच्या विहिरीला खोल विहीर म्हणतो, हेही त्याच तासाला सांगा. ५०० फूट म्हणजे १५२ मीटर. कायद्याचा आकडा आणि गावातला आकडा शेजारी शेजारी लिहायचा, त्यावर भाषण द्यायचं नाही.

तुम्हाला हे तेव्हा माहीत नव्हतं, यात कमीपणा नाही. तुमची पीएच.डी. आभाळातली, प्रश्न भुईखालचा. 'मला ठाऊक नाही, आपण मोजून बघू' असं वर्गात एकदा म्हणून बघा. पहिल्यांदा जीभ अडखळते. मग सवय होते, नंतर जरा मजाही येते.

बोअरचा विषय निघाला की पाणाडी येणारच. नारळ हातावर उभा राहतो, कडुलिंबाची दुबेळकी फांदी वळते, वगैरे. माझ्या ओळखीच्या काही प्राध्यापकांनी या टप्प्यावर अंधश्रद्धेवर व्याख्यान दिलं आणि वर्ग कायमचा गमावला, कारण समोरच्या एखाद्या मुलाचे मामाच पाणाडी होते. तुम्ही एक साधी वही करा. बोअर घेण्याआधी पाणाड्यानं जागा कुठली सांगितली, किती फुटांवर आणि किती इंच पाणी सांगितलं, ते तारखेसह लिहायचं. नंतर काय झालं, तेही लिहायचं. लागलेल्या बोअरची गोष्ट गावात दहा वर्षं चालते, फसलेल्याची कुणी सांगत नाही, त्याच्यावर दगड ठेवून लोक पुढे जातात. वहीत दोन्ही येतात. भूजलतज्ज्ञानं सांगितलेल्या जागाही त्याच वहीत, त्याच नियमानं. आमचे लोक कधी कधी नारळापेक्षा फार बरे ठरत नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो.

आता निधीचं. तुमच्या वर्गात ४० मुलं असतील तर ती वीसेक गावांतून एसटीनं येत असतील. सहलीला पैसे नाहीत म्हणता, पण तुमचा वर्ग रोज सहलीच्या ठिकाणाहूनच उठून येतो! भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७२च्या दुष्काळाच्या काळात उभी राहिली. तिच्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजतात, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरात. तुमची मुलं दर रविवारी मोजू शकतात. लागतं काय, तर मीटरची टेप आणि टोकाला ओळंबा. स्टीलची टेप असेल तर खालच्या हातभर भागाला खडू फासायचा, जिथपर्यंत भिजला तिथं पाणी. विहिरीच्या कठड्यावर ऑइलपेंटनं एक खूण करायची आणि कायम तिथूनच मोजायचं. सकाळी, मोटार चालू व्हायच्या आत. रात्रपाळीची वीज असेल त्या आठवड्यात मोटार कधी बंद झाली ते विचारून लिहायचं, नाहीतर आकड्याला अर्थ नाही. आणि ही अट कडक ठेवा: कठडा नसलेल्या विहिरीवर एकट्यानं जायचं नाही, वाकायचं नाही, दोघांशिवाय टेप सोडायची नाही. मुलींना पहाटे विहिरीवर पाठवणं घरच्यांना पटणार नाही, तेव्हा त्यांना पावसाची नोंद द्या, किंवा टँकरची. टँकर किती वाजता येतो, किती दिवसांनी येतो आणि वाडीच्या कोणत्या टोकाला थांबतो, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं. तहसील कार्यालयातल्या तक्त्यात हे शेवटचं कधी सापडणार नाही.

आकडे खोटे येतील. येतातच. आम्ही जर्नलं उतरवत मोठे झालो, ही मुलं काही वेगळी नाहीत. घरबसल्या भरलेले आकडे ओळखायची माझी युक्ती सांगतो: शेवटचा अंक बघायचा. खरी टेप ७.४३ दाखवते, ७.५८ दाखवते. मनातली टेप ७.५० आणि ७.००वर थांबते. पण पकडून शिक्षा करण्यापेक्षा एक वेगळा नियम फार उपयोगी पडला. रकाना रिकामा ठेवून 'मामाच्या लग्नाला गेलो होतो' असं लिहिलं तर पूर्ण गुण. रिकाम्या रकान्याला मान मिळाला की खोटा भरायची गरज उरत नाही. एकदा एका मुलानं सलग सहा आठवडे 'गेलो नाही' लिहिलं, कारणाशिवाय. त्यालाही मी गुण दिले आणि सहकाऱ्यांची बोलणी खाल्ली. मला आजही ते बरोबर वाटतं.

पाऊस तुमचा हातखंडा विषय, पण मॉडेलवाल्यांनी पर्जन्यमापकाला क्वचितच हात लावलेला असतो (रागावू नका). सरळ भिंतींची बाटली कापून, तोंड उलटं घालून मापक होतो. झाडापासून त्याच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरावर ठेवायचा, पागोळ्यांखाली तर नाहीच. वाचन सकाळी साडेआठला, हवामान खात्याच्या वेळेला. इथं मुलं हमखास गोंधळतात. मंगळवारी संध्याकाळी पडलेला पाऊस बुधवारच्या तारखेला लागतो. याच कारणानं गावात 'काल धो धो पडला अन् मंडळाच्या आकड्यात शून्य' अशी भांडणं होतात, आणि महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर झाले की नाही यावर अतिवृष्टीची भरपाई अडते. तुमच्या विषयातली सगळ्यात महाग चूक तारखेच्या रकान्यात असते, हे कळलं की मुलं साडेआठ विसरत नाहीत.

मिलिमीटर हा शब्द बहुतेकांना पोकळ वाटतो. त्याला वजन असं द्या: एका हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर. म्हणजे दहा हजार लिटरचा एक टँकर. तुमच्याकडे वर्षाला ५०० मिलिमीटर पडतो असं धरा, तर प्रत्येक हेक्टरवर ५०० टँकर रिकामे होतात. मग ते गेले कुठे? इथून पुढचे तीन आठवडे तुम्हाला फारसं शिकवावं लागणार नाही, फक्त हिशेब तपासायचे. काही टँकर ओढ्यातून गेले, बरेच उन्हानं आणि पिकांनी उडवले, थोडे मुरले. मुरले किती, ते मुलांच्याच विहिरी सांगतील. समजा जूनपासून ऑक्टोबरपर्यंत पातळी ३ मीटर वर आली. मुलं म्हणतील, ३ मीटर पाणी मुरलं. तिथं थांबवायचं. खडकात पाण्याला जागा थोडीच असते. आपल्या बेसॉल्टसाठी भूजलाच्या अंदाजात ती साधारण २ टक्के धरतात. म्हणजे ३ मीटरमागे ६० मिलिमीटर. ५०० टँकरांपैकी ६०. एखादी हुशार मुलगी विचारेल, खरिपात मोटार चालू होती, मग त्या वेळी उपसलेलं कुठं धरलं? तिला जवळ बोलवा, पुढच्या वर्षीचा प्रकल्प तिचा.

तुमच्या नोंदींचा दुसरा उपयोग नक्षत्रांचा. गावात महिने चालत नाहीत, मृग, आर्द्रा, पुष्य, मघा, हत्ती चालतात. घरी प्रत्येकजण ऐकत आलाय, की पूर्वी मृगात पेरण्या उरकायच्या आणि आता मृग कोरडा जातो. हे खरं की आठवणीतला पाऊस नेहमीच हिरवा असतो, ते तपासता येतं. तालुक्याच्या जुन्या दैनंदिन नोंदी मिळवा, आणि जून-जुलैच्या जागी ७-८ जून, २१-२२ जून, ५-६ जुलै अशा नक्षत्रांच्या तारखांनी त्यांचे गट पाडा. तेरा-चौदा दिवसांचे हे तुकडे सांख्यिकीलाही सोयीचे आहेत. त्यात सरासरी, विचलन, कोरडे खंड, सगळं येतं. तुमच्या प्रबंधातली अर्धी तंत्रं इथं कामाला येतील आणि निकाल ऐकायला आजोबा थांबतील. निकाल आजोबांच्या विरुद्ध गेला तर तसं सांगायचं. बाजूनं गेला तरी एवढ्यावरून हवामान बदल सिद्ध झाला असं म्हणायचं नाही.

भाषेबद्दल तुम्ही ओझरतं लिहिलंय, पण माझ्या मते वर्ग गप्प असण्याचं मूळ तिथंच आहे. 'फील्ड कपॅसिटी'ची व्याख्या इंग्रजीतून पाठ करणाऱ्या मुलाला वाफसा म्हणजे काय हे पायाच्या तळव्यानं कळतं. पाऊस थांबला, जादा पाणी निथळलं, माती मुठीत धरली तर गोळा होतो पण हाताला चिकटत नाही, औताला रान मोकळं देतंय, तो वाफसा. आधी वाफसा घ्या, मग फील्ड कपॅसिटी. उलट्या क्रमानं गेलात तर त्याला आपल्याच घरचा शब्द गावंढळ वाटायला लागतो. मुरूम, मांजऱ्या, काळा पाषाण, उपळा, पाझर हे शब्द फळ्यावर मानानं लिहा आणि शेजारी परीक्षेचा शब्द लिहा. परीक्षा द्यायचीच आहे, तिथं हौस चालत नाही. सरकारी परिभाषेचं मात्र फार मनावर घेऊ नका. 'ॲक्विफर'ला, म्हणजे भुईखालच्या पाणी धरणाऱ्या थराला, आपण जलधर म्हणतो. कवितेत जलधर म्हणजे ढग. आभाळातून तो एकदम भुईखाली कधी गेला, हे मला अजून कुणी समजावून दिलेलं नाही.

हाच वाफसा धरून मंगळवेढ्याच्या ज्वारीपर्यंत जाता येतं. काळ्या रानात पावसाची ओल साठते आणि रब्बीची मालदांडी पुढचे चार महिने बहुतेक तिच्यावरच काढते. हे पाणी धरणात दिसत नाही, विहिरीत दिसत नाही, पुस्तकातल्या जलचक्राच्या बाणांत तर नाहीच नाही. पण तुमच्या जिल्ह्याची भाकरी त्याच्यावर आहे.

परिसंस्थेच्या घटकाचं थोडक्यात सांगतो, तो माझा प्रांत नव्हे. पुस्तकात जंगल, तळं आणि गवताळ प्रदेश असतो, आणि गवताळ प्रदेशाच्या चित्रात आफ्रिका असते. तुमच्या महाविद्यालयामागचा माळ महसुली कागदावर पडीक असेल. चार काठ्या आणि सुतळी घेऊन एक मीटरचा चौकोन टाका, चराईच्या बाजूला एक आणि कुंपणाआत एक, आणि गवतं मोजा. नावं धनगराला विचारा. मारवेल कुठली, पवन्या कुठला, कुसळीला कुसळं यायच्या आत मेंढरं का फिरवायची, हे तो चालता चालता सांगेल. लांडगा, खोकड, धाविक, चंडोल हे सगळे याच पडिकावर जगतात. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९पासून तुमच्याच जिल्ह्यात आहे. एवढं शिकवून झालं की जुलैत राष्ट्रीय सेवा योजनेचं पथक त्याच माळावर वृक्षारोपणाचे खड्डे घ्यायला निघेल. बहुधा तुमच्याच सहीनं. त्यावर वर्गात चर्चा घ्या आणि प्राचार्यांना आधी सांगून ठेवा.

त्या मुलीच्या प्रश्नाला मी बराच वेळ अडकलो होतो. 'शेती सोडायची का?' याचं हो किंवा नाही असं उत्तर देणं आपलं काम नव्हे, आणि 'आशा सोडू नका' असं म्हणणं तर तिचा अपमान आहे. तिला पुढचा घास हवाय, धीर नकोय. जे पक्कं ठाऊक आहे ते तिच्यापुढे ठेवा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तयार केलेल्या २०२०च्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात देशाचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंश सेल्सियसनं वाढलं. मध्य भारतात मोठ्या पट्ट्यावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ दरम्यान तिपटीनं वाढल्या, आणि मोसमी वाऱ्यांचा जोर मात्र कमी झाला. म्हणजे तिच्या वडिलांना ज्या पावसाचा अंदाज बांधता येत होता, तो पाऊस आता तसा वागत नाही. एवढं खरं. २०१४ची गारपीट किंवा एखादा कोरडा ऑगस्ट यांचं बिल मात्र परस्पर हवामान बदलाच्या नावावर फाडू नका.

आणि मग तिला दुसरा हिशेब करायला लावा, कारण दुष्काळ आभाळातून येतो तसा बांधावरूनही येतो. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली. पहिल्या गाडीत १० वाघिणी आणि सुमारे ५ लाख लिटर पाणी होतं. देशभर बातमी झाली. हे ५ लाख लिटर एका हेक्टरवर पसरलं तर किती मिलिमीटर होतं? पन्नास. एक चांगला पाऊस. उसाला वर्षभरात, पाऊस धरून, २,००० मिलिमीटरच्या आसपास पाणी लागतं. म्हणजे एक हेक्टर ऊस तशा ४० गाड्या पितो. हे मुलांनी स्वतः काढू द्या, तुम्ही सांगू नका. वर्गात निम्म्यांच्या घरी ऊस असेल, आणि संस्थेचे कुणी पदाधिकारी कारखान्यावरही असतील. कुणाच्या बापाला गुन्हेगार ठरवायला हा हिशेब नाही. ज्वारीला तो भाव नाही आणि ती न्यायला फाट्यावर कुणी ट्रक घेऊन उभं राहत नाही, हेही त्याच पानावर लिहायला हवं. त्या मुलीचा प्रश्न मग 'शेती सोडायची का'वरून 'किती पाण्यावर कुठली शेती' इथं सरकेल. हिवरे बाजारात पोपटराव पवारांच्या गावानं दर वर्षी पावसानंतर पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवायची रीत घालून दिली, ती तुमच्यापासून लांब नाही. तिला तिथं एकदा जाऊन येऊ द्या. तुम्ही बरोबर असलात तर उत्तम, नसलात तरी चालेल.

एक सावधगिरी. विहिरींचे आकडे जाहीर करताना मालकाचं नाव घालू नका, आणि तक्ता भिंतीवर लावायच्या आधी मालकाला दाखवा. कुणाच्या विहिरीला किती पाणी आहे ही गावात खासगी बाब असते, सोयरिकीपर्यंत जाते.

विभागप्रमुखांचं म्हणणं मला समजतं. नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयाच्या मूल्यांकनाच्या, फाइलींत 'घटक पूर्ण' ही सही त्यांना करायची असते. विद्यापीठ अनुदान आयोगानं २००३मध्ये पदवीला हा विषय सक्तीचा केला, तेव्हा त्या अभ्यासक्रमाचा शेवटचा, आठवा घटक क्षेत्रकार्याचाच होता. बहुतेक ठिकाणी तो झेरॉक्सच्या दुकानात पूर्ण होत आला. तुम्ही तो विहिरीवर पूर्ण करताय, अभ्यासक्रमाबाहेर काही करत नाही, असं त्यांना लेखी द्या. नियोजनाच्या तक्त्यात त्यांचीच शीर्षकं ठेवा. तासिका तत्त्वावरच्या माणसानं उगाच छाती काढून उभं राहू नये, पगार दहा महिन्यांनी निघतो तो अडेल. आर्क्टिक दोन तासांत आटपा. त्याचं त्यावाचून काही अडत नाही.

आणि सगळं एकाच वर्षी करायला जाऊ नका. यंदा फक्त विहिरी आणि पाऊस. माळ पुढच्या वर्षी.

सुरुवात त्या मुलापासूनच करा. त्याला विचारा, बोअर घेताना लाल भुगा कितव्या फुटावर आला होता? दोन लोटांच्या मधला लाल थर लागला की बाहेर पडणारा भुगा लाल होतो, आणि तिथं खडक ढासळतो म्हणून पाइप (केसिंग) घालावा लागतो. मुलाला आठवणार नाही, तो तेव्हा शाळेत असेल. वडिलांना विचारून यायला सांगा. गाडीवाला भोकाचे पैसे फुटाप्रमाणे घेतो, केसिंगचे वेगळे. मुरूम किती फूट, काळा पाषाण किती, लाल कुठं लागलं आणि कुठं नुसती धूळ उडाली, सगळं त्यांना तोंडपाठ असेल. पैसे त्यांनीच मोजले होते.